निबियाच्या खोलीतली चिलटं

३ जून, सोमवार
तापमान २४, दमटपणा ५५. आजपासून बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. सकाळी सातला दिवा लागेल, संध्याकाळी सातला विझेल. असं केलं की झाडाला वाटतं थंडी आली, आता फुलायला हवं. बाहेर माँतेविदेओत खरीच थंडी आहे, इकडे जून म्हणजे हिवाळा, पण खोलीतल्या झाडाला ते सांगणार कोण?

हे लिहायला एबेरनं सांगितलं. कोपऱ्यावर त्याचं लागवडीच्या सामानाचं दुकान आहे. वय पस्तीस, पोनी माझ्या पोरीच्या पोनीपेक्षा लांब. "दॉन मिल्टन, रोज लिहा. पाणी कधी घातलं, पान कुठलं पिवळं पडलं, सगळं. नाहीतर चूक कुठे झाली ते शोधत बसाल." चौतीस वर्षं बस चालवली, रोज ड्युटीची वही भरली. तेव्हा लिहिण्याचं मला काही वाटत नाही. इथे घरी गांजा लावायला कायद्यानं मुभा आहे, पण मी त्याबद्दल लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

तीन झाडं फुलोऱ्याला लावली आहेत. चौथं, मूळ झाड, कपाटात वेगळ्या दिव्याखाली. ते फुलवायचं नाही. त्याच्या फांद्या लावून नवी झाडं करायची. ती फुलली की संपतात, मूळ झाड राहतं. माझ्या बायकोनं, निबियानं, सात वर्षं हे असंच चालवलं. पहिली फांदी तिला बाजारात भेटलेल्या एका बाईनं दिली होती. ती बाई आता कुठे आहे कुणाला ठाऊक नाही आणि हे वाण एबेरकडेही नाही. निबियाला जाऊन दोन वर्षं झाली. मी आजवर एवढंच केलं, की मूळ झाडाला पाणी घातलं आणि ते मरू दिलं नाही.

फुलवायचं कारण वरच्या मजल्यावरची सुल्मा. तिच्या बोटांचे सांधे सुजतात, रात्रभर ठणकतात. निबिया तिला तेल करून द्यायची. शेवटची बाटली एप्रिलमध्ये संपली. सुल्मा काही मागत नाही. मीच म्हणालो, ऑगस्टपर्यंत देतो. म्हणालो तर खरं.

९ जून, रविवार
वालेन्सियाहून सिल्वानाचा फोन. "बाबा, तू? गांजा? आईनं खोलीत दिवा लावला तेव्हा घरात वास येतो म्हणून तू महिनाभर गच्चीत जेवलास."

महिनाभर नाही, आठवडाभर. पण जेवलो हे खरं. निबिया शेवटची दोन वर्षं त्या खोलीत बसायची. तिचं दुखणं त्या तेलानं कमी व्हायचं आणि मी तेल म्हणायच्या ऐवजी "तुझं ते" म्हणायचो. बसमध्ये मागच्या सीटवर कुणी ओढताना दिसलं तर मी गाडी थांबवून खाली उतरवायचो. तीच रग घरी आणली. एकदा तिनं दिवा वर टांगायला हात मागितला, तर मी म्हणालो मॅच चालू आहे. मॅच कोणती होती तेही आता आठवत नाही. दिवा तिनं स्टुलावर चढून एकटीनं टांगला.

आता ते झाड सांभाळणं एवढंच माझ्या हातात उरलंय. हे सिल्वानाला सांगितलं नाही. म्हणालो, पेन्शनीत वेळ जात नाही.

१३ जून, गुरुवार
तापमान २५. तिन्ही झाडांच्या टोकांना पांढरे केस दिसू लागले! केस म्हणजे फुलाची सुरुवात. मी बराच वेळ वाकून बघत होतो, कंबर धरली.

सुल्मा आठला आली. रोज आठलाच येते, बगलेत थर्मास, हातात येर्बाचा तुंबा, म्हणजे नळीनं प्यायचा कडू पाल्याचा चहा. निबिया होती तेव्हापासूनचा शिरस्ता. पूर्वी त्या दोघी आत बसायच्या, आता आम्ही दोघं बसतो. तिला झाडांचं भारी कौतुक. "बघ बघ, ही कशी मिशी फुटलेल्या पोरासारखी लाजतेय." मी म्हणालो, ही सगळी मादी झाडं आहेत. "मग काय झालं? माझ्या मावशीला मिशी होती."

बाई नीटनेटकी. येर्बा संपली की तुंब्यातला चोथा कुंड्यांत रिकामा करते, बोटानं मातीवर पसरते, मग तुंबा धुते. मागे घाण म्हणून ठेवायची नाही. कपाटातल्या झाडालाही न विसरता देते.

२० जून, गुरुवार
दमटपणा ६२, जास्त आहे. खोलीत दोन-तीन चिलटं दिसली. फळांच्या टोपलीवरची असतील. टोपली स्वयंपाकघरात हलवली.

२४ जून, सोमवार
चिलटं टोपलीवरची नव्हती. पाणी घालायला गेलो तर मातीतून उठली, बारीक काळी, निदान वीसेक. पिवळे चिकट सापळे आणून कुंड्यांवर टांगले. संध्याकाळपर्यंत सापळा तीळ लावल्यासारखा झाला. एबेर म्हणाला, वर उडतात ती उपद्रव करत नाहीत, मातीतल्या अळ्या मुळं खातात. पाणी कमी करा, माती वरून कोरडी ठेवा.

पाणी कमी केलं. सुल्माला सापळे दाखवले. "बिचारी झाडं," ती म्हणाली आणि त्यांना जरा ताकद यावी म्हणून आज दोन तुंब्यांचा चोथा घातला.

२९ जून, शनिवार
एकोणतीस तारीख, म्हणून सुल्मानं न्योकी केले, बटाट्याचे उकडलेले गोळे. दर एकोणतीसला ते खाताना ताटाखाली नोट ठेवायची, म्हणजे महिना चांगला जातो. बटाटा मळायला तिला त्रास झाला असणार, कारण गोळे ओबडधोबड होते. तिचे न्योकी एका मापाचे असायचे, शिवणीच्या टाक्यासारखे. पंचवीस वर्षं कार्निव्हलच्या मंडळीचे कपडे तिनं शिवले. चौदा गाणाऱ्यांचे झगे, टोप्या, झालरी, सगळं एकटीच्या मशीनवर. यंदाही त्यांनी विचारलंय. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी गोळ्यांबद्दल काही बोललो नाही, दोनदा वाढून घेतले.

जेवताना म्हणाली, "मिल्टन, तू हल्ली बरा दिसतोस."
मी म्हणालो, न्योकीत जायफळ छान पडलंय.

झाडं बरी दिसत नाहीत. पुढच्या दोघांची खालची पानं पिवळी. कपाटातल्यानं मान टाकली आहे. माती तर कोरडी ठेवतोय. सकाळी कोरडी असते, दहा वाजता बघावं तर वर ओल असते. हे काही कळत नाही.

२ जुलै, मंगळवार
एबेर घरी येऊन गेला. त्यानं चमच्यानं कुंडीतली माती उकरली. वर बोटभर जाडीचा हिरवट काळा थर, त्यात बुरशी आणि बारीक पांढऱ्या अळ्या वळवळताना.

"दॉन मिल्टन, ही येर्बा आहे."
मी वाकून बघितलं.
"अख्खा देश कुंड्यांत चोथा टाकतो, माझी आजीही टाकते. पण तिच्या कुंड्या अंगणात असतात, वारा लागतो, ऊन लागतं. तुमची ही बंद, उबदार खोली. चिलटांसाठी पाळणाघर काढलंत तुम्ही. कोण टाकतं हे?"
"मी," मी म्हणालो.

खोटं नाही अगदी. एकदोनदा मीही टाकला आहे. निबियाच्या जिरेनियमला मी तीस वर्षं तेच केलं.

त्यानं चारही कुंड्या खरवडल्या. मागे कोपऱ्यात, हीटरच्या पलीकडे जे झाड आहे त्याच्या मातीत चोथा नव्हता. सुल्माचा हात तिथवर पोचत नाही. एबेरनं पाण्यात मिसळायला पूड दिली, त्यानं अळ्या मरतात. मातीवर वाळूचा थर दिला. म्हणाला, मुळं किती उरलीत ते आठवड्यात कळेल. मूळ झाडाकडे बघून त्यानं पोनी घट्ट बांधली आणि पिशवी आवरायला घेतली. डॉक्टर लोक असंच करतात.

३ जुलै, बुधवार
सुल्माला कसं सांगायचं यावर रात्री विचार करून ठेवला होता. चोथ्याचं नाव काढायचं नाही. हातांनी आधीच बेजार आहे, त्यात तिच्यामुळे निबियाचं झाड आजारी पडलं हे कळलं तर ती खाणं सोडेल. म्हणून आठला ती आली तेव्हा दारातच सांगितलं, की फुलोऱ्याच्या काळात खोलीत बाहेरचं कुणी नको, एबेरचा नियम आहे. आपण आता स्वयंपाकघरात बसत जाऊ.

"बाहेरचं," ती म्हणाली.
"हो, म्हणजे घरचं सोडून."
"बरोबर आहे," ती म्हणाली. तुंबा अर्धाही झाला नव्हता, दूध गॅसवर ठेवलंय म्हणून गेली. सुल्मा दूध पीत नाही. शेजारणीसाठी तापवलं असेल.

काम मात्र छान जमलं. तिला काही लागलं नाही.

६ जुलै, शनिवार
तीन दिवस सुल्मा नाही. कार्निव्हलचं काम घेतलेलं दिसतंय. वरून मशीनचा आवाज येत नाही, पण माझा एक कान तसाही बसच्या इंजिनानं गेलेला आहे.

एकट्याला येर्बा कडू लागते.

७ जुलै, रविवार
सिल्वानाला नियमाचं सांगितलं.  

"बाबा, आईच्या खोलीत बाहेरच्यांनी यायचं नाही, असं तू सुल्माला म्हणालास?"
"आईच्या खोलीत नव्हे. फुलोऱ्याच्या खोलीत."
"तू ना, बाबा..."  नातू रडायला लागला म्हणाली. पोरांना परदेशी राहून सरळ बोलायची सवय जाते.

१० जुलै, बुधवार
मूळ झाड गेलं.

सकाळी कपाट उघडलं तर पानं चिंधीसारखी लोंबत होती. कुंडीतून वर ओढलं तर हातात आलं, खाली मुळं नावापुरती. तरी एक फांदी कापून पाण्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

दोन वर्षं मी एवढं एकच काम केलं होतं. सुल्माला सांगावंसं वाटलं आणि तिलाच सांगता येत नाही.

१२ जुलै, शुक्रवार
पुढच्या दोन झाडांचे बुंधे मातीपाशी मऊ पडले. एबेरला फोटो दाखवले. तो म्हणाला ती दोन्ही काढून टाका, फुलं पिकणार नाहीत, बुरशी आली तर कोपऱ्यातल्यालाही लागेल. काढली. राहिलं एक.

मग त्यानं काउंटरवर कोपर टेकले. "दॉन मिल्टन, आता नीट ऐका. हे एक झाड धड आहे, पण त्याचीही मुळं थोडी खाल्लेली आहेत. त्याच्याकडून एकच गोष्ट होईल. वाण राखायचं असेल तर आताच फुलं कापा, पुन्हा अठरा तास उजेड द्या. महिन्याभरात नवी पालवी फुटेल, तिच्या फांद्या लावता येतील. फुलं हवी असतील तर ते पिकू द्या. पण पिकल्यावर ते परत फुटायचं नाही, तेवढा जीव त्याच्यात राहणार नाही."
"कधीपर्यंत ठरवू?"
"रविवारपर्यंत. त्यापुढे उशीर होईल."

वाटेत येताना ठरवून टाकलं. वाण राखायचं. निबियाचं आहे ते, सात वर्षांचं. सुल्माला औषधाच्या दुकानातून सरकारी गांजाचं पाकीट आणून देतो. तिनं ते मागे वापरून पाहिलंय, डोकं गरगरतं आणि झोप लागत नाही म्हणाली होती. पण एखादं वर्ष. पुढच्या वर्षी नव्या झाडाचं तेल देता येईल. सत्तरीतल्या माणसानं पुढच्या वर्षाच्या बाता माराव्यात! असो. ठरलं.

१३ जुलै, शनिवार
तिला सांगायला वर गेलो. दहा दिवसांत पहिल्यांदा. पाऊस होता, म्हणून जाताना तोर्ता फ्रिता, पावसात खायच्या पुऱ्या, घेऊन गेलो, मीच तळलेल्या, काही करपलेल्या.

दार उघडून म्हणाली, "झाडांना काही झालं का?"
"तुला काही झालं का? येत नाहीस."
"फुलोऱ्याच्या खोलीत बाहेरची माणसं चालत नाहीत ना."
"स्वयंपाकघरात चालतात."
"स्वयंपाकघरात बसायला माझं स्वतःचं आहे, मिल्टन."

मी बसलो. तिनं बस म्हटलं नव्हतं. मग मला ते पोटात ठेवता येईना. सगळं सांगितलं: चोथा, चिलटं, अळ्या, मूळ झाड, पुढची दोन. मी एबेरला माझं नाव सांगितलं हेही.

ती खुर्चीत मागे टेकली. "म्हणजे निबियाचं झाड मी मारलं."
"आपण. मीही टाकला आहे. आणि निबियानं त्या जिरेनियमला वर्षानुवर्षं—"
"जिरेनियमचं कौतुक सांगू नकोस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाली, "तेवढंच होतं? चोथ्यासाठी मला बाहेर काढलंस?"
"मग आणखी कशासाठी?"
"मला वाटलं, तिच्या खोलीत मी रोज बसते हे तुला खटकायला लागलं. तिच्या जागेवर बसते असं वाटत असेल."
"तू स्टुलावर बसतेस. तिची खुर्ची खिडकीपाशी आहे."

सुल्मा हसायला लागली. डोळे पुसत हसत होती, हसत पुसत होती. "गाढवा," ती म्हणाली, "म्हाताऱ्या गाढवा, दहा दिवस मी झोपले नाही." करपलेली तोर्ताच नेमकी उचलून खाल्ली. तिनं मला गाढव म्हणावं असं मी काय बोललो ते अजून कळलेलं नाही, पण बरं वाटलं.

"आता ते एक उरलंय ना," ती म्हणाली, "त्याला जीवापाड जप. ते तिचं आहे."
मी हो म्हणालो. पाकिटाचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मशीनशेजारचा डबा दिसला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, बटणांनी भरलेला. लाल, मोत्याची, कोटाची मोठी काळी.
"एवढी बटणं? मंडळीच्या झग्यांना?"
"माझीच," ती म्हणाली. "सगळ्या कपड्यांची कापून काढली. चिकटपट्टी लावली. सकाळी बटण लावायला वीस मिनिटं लागायची, मग तुझ्याकडे यायला उशीर व्हायचा."

बाई पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या झग्यांना बटणं लावत होती.  पावसाचं काहीतरी बोललो आणि खाली आलो.

१४ जुलै, रविवार
सकाळी सात. दिवा लागला. टायमर हातात घेऊन उभा होतो. बारावरचा काटा अठरावर न्यायचा, एवढंच काम. कात्रीही बरोबर आणली होती.

निबिया, हे तुझ्याशी बोलतोय. तुझं झाड मला राखायचं होतं. तू असताना मी खोलीत आलो नाही. वाटलं, निदान झाड राखलं की फिटेल. पण फिटायचं कुणाकडून? झाडाला माझी लाज माहीत नाही. वरच्या बाईचे हात मात्र खरोखर दुखतात. तुला तिचे हात मोडलेले आवडले नसते, एवढं मला कळतं, बाकी फारसं काही कळत नाही.

टायमर होता तसा ठेवला. कात्री स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. आज जेवण जाईना.

तापमान २४, दमटपणा ५०. सापळ्यावर नवी तीन चिलटं.

२१ जुलै, रविवार
सुल्मा पुन्हा आठला येते. तुंबा स्वयंपाकघरात रिकामा करायचा आणि मग आत जायचं, असा नवा नियम तिनंच काढला. दारात ती मला तळहात दाखवते, शाळेतल्या मुलीसारखे, की बघ, काही नाही.

झाड फुललंय. तुरे मुठीएवढे, चिकट, आणि वास असा की जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत जातो. पूर्वी या वासाला मी काय काय म्हणालो होतो. आज दार उघडल्याबरोबर घरात कुणी असल्यासारखं वाटलं.

आज मी तिला म्हणालो, सुल्मा, मी या खोलीत कधी आलो नाही ग. ती असताना एकदाही आलो नाही.

सुल्मानं नळी तोंडातून काढली. "तू रोज यायचास."
"दारापर्यंत. बाहेरून परत जायचो. तिला काय माहीत."
"तिला माहीत होतं. तुझ्या पायाखाली ती फरशी वाजते ना, चौकटीपाशी, ती वाजली की निबिया मला बोट ओठावर ठेवून गप्प करायची. म्हणायची, आला बघ. थांबेल, नाक वर करेल, जाईल. आणि तू जायचास. मग ती हसायची. एकदा मी म्हणाले, हाक मार ना त्याला. म्हणाली, नको, हाक मारली तर उद्यापासून दारापर्यंतही यायचा नाही."

 मी दिव्याची साखळी उगाच वरखाली केली. सुल्मानं तुंबा भरून माझ्या हातात दिला आणि बाहेरच्या पावसाकडे बघत बसली.

मी दोन वर्षं समजत होतो की तिनं मला दारात कधी ऐकलंच नाही.

२८ जुलै, रविवार
चिलटं: शून्य. पांढरे केस तपकिरी होत आहेत. एबेर भिंग घेऊन आला, बघून म्हणाला आणखी एक आठवडा. जाताना टायमरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "फुलं घेताय तर." खांद्यावर थोपटलं. हल्लीची पोरं थोपटतात फार.

४ ऑगस्ट, रविवार
कापलं. मी फांदी धरली, सुल्मानं कात्री मागितली. तिला कात्री दाबवेना, तेव्हा तिनं धरलं आणि मी कापलं.

शेवटच्या खालच्या फांदीला ती म्हणाली, "ही ठेव. हिच्यावर पुन्हा पालवी येईल. निबिया तसं करायची कधीकधी."
"येणार नाही. मुळांत जीव नाही."
"एबेर म्हणाला?"
"हो."
"कधी?"
"बारा जुलैला."

तिनं हिशेब केला असावा. बारा जुलै म्हणजे मी तोर्ता घेऊन वर गेलो त्याच्या आदला दिवस. "म्हणजे तुला माहीत होतं. राखता आलं असतं आणि तू राखलं नाहीस."
"फुलं पिकवायची होती."
"कुणासाठी?"
"ऑगस्टपर्यंत देतो म्हणालो होतो ना," मी म्हणालो. "शब्द दिला की पाळायचा. बस वेळेवर सुटली पाहिजे."

तिनं ती फांदी माझ्या हातातून काढून घेतली.  मग स्वतःच माझ्या कात्रीखाली धरली. "काप," ती म्हणाली.

बुंध्यावरची दोन पानं तरीही मी ठेवली. अठरा तास उजेड दिला. करून बघायला काय जातं.

१३ ऑगस्ट, मंगळवार
दोन पानंही गेली. कुंडी रिकामी केली. फुलं सुकली आहेत, बरणीत भरली. एक बरणी भरली, जेमतेम.

निबियाच्या वाणाचं झाड आता जगात कुठे असेल तर मला माहीत नाही. लिहून ठेवतो, कारण हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं.

१८ ऑगस्ट, रविवार
तेल झालं. निबियाची कृती सुल्माला पाठ होती. ती सांगत होती आणि मी ढवळत होतो. मधेच म्हणाली, "हळू. बस नाही चालवत आहेस." दोन लहान बाटल्या निघाल्या. एक ती मला देत होती, मी म्हणालो मला काही दुखत नाही. "तुझी खात्री आहे?" ती म्हणाली. बायकांना माणूस धडधाकट आहे यावर विश्वास बसत नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार
तिनं तेल सुरू करून तीन दिवस झाले. थेंब वाढवत वाढवत घ्यायचे असतात. विचारलं, काही फरक? "बघू," म्हणाली. तुंबा दोन्ही हातांनी धरते अजून. माझं मन खट्टू झालं. एका बरणीसाठी एवढं सगळं, आणि तिला गुण आलाच नाही तर?

२२ ऑगस्ट, गुरुवार
आठ वाजले, सुल्मा आली नाही. सव्वाआठ. साडेआठ. पाणी दोनदा तापवलं. नऊ वाजता मी बाहेरच्या दारात जाऊन कान दिला. वर काही नाही. पाऊल नाही, नळ नाही.

निबियाही अशीच सकाळी उठली नव्हती. मी स्वयंपाकघरात पेपर वाचत होतो, म्हणालो झोपू दे. दहाला चहा घेऊन गेलो होतो.

आज मी दहा वाजू दिले नाहीत. चप्पल एक घातली, एक राहिली. वर जाऊन दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं, मग दोन्ही मुठींनी. समोरच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. मी तिचं नाव किती वेळा घेतलं मला माहीत नाही. एवढं मात्र तेव्हा कळलं, की ही गेली तर मला सकाळी उठायचं कारण उरणार नाही. हे मी लिहून ठेवतोय कारण एबेर म्हणाला होता सगळं लिहा.

दार उघडलं. सुल्मा गाउनवर, केस एका बाजूला चपटे, गालावर उशीच्या शिवणीचा वळ. "काय रे? आग लागली का?"
मी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.
"किती वाजले?"
"साडेनऊ."
"सकाळचे?" तिनं मागे वळून घड्याळ पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "मिल्टन, मी दहाला पडले. मधे उठलेच नाही. एकदाही नाही." हात वर केले, बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. पूर्ण मिटत नव्हती, पण मिटत होती. "मी झोपले होते रे," ती म्हणाली, जणू मला पटवायचं होतं.

मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो. बासष्ट साली वडील गेले तेव्हा असा रडलो होतो. सुल्मा शेजारी बसली, गाउनमध्ये, त्या गारठ्यात.  समोरच्यांचा कुत्रा गप्प झाला. मग म्हणाली, "तुझ्या एका पायात चप्पल नाही," आणि आम्ही दोघं आत गेलो. तिनं येर्बा केली. तुंबा एका हातानं धरला होता.

निघताना तिनं घराची जादा किल्ली माझ्या हातात ठेवली. बरं झालं. कधी नळ फुटला, पाणी गळलं तर उपयोगी पडेल.

उद्या ती आठला आली नाही तरी वर जायचं नाही. दहा वाजू देत, अकरा वाजू देत. झोपू दे तिला.